काशिनाथरावांचा दुसरा किल्ला

काशिनाथराव पाठराबे खोटं बोलले ते भोपाळच्या बाग सेवनियातल्या हॉलमध्ये, मुलगी मेघा हिच्या साखरपुड्यात, हातात श्रीखंडाची वाटी असताना. नुसते खोटं बोलले असते तर एक वेळ चाललं असतं. पण त्याआधी नुकतंच ते माईक हातात घेऊन सांगून बसले होते, की पाठराब्यांच्या घरात सगळं चालतं, उशिरा उठणं चालतं, भाजीत मीठ कमी चालतं, एक गोष्ट चालत नाही, ती म्हणजे खोटं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या पुण्याहून आलेल्या व्याह्यांनी. वाजवून झाल्यावर ते मोठ्यांदा म्हणाले, "आमच्याकडेही अगदी हेच!"

मग जेवणं सुरू झाली आणि होणारे जावई, परीक्षितराव, सासऱ्यांशेजारी येऊन बसले. मुलगा गुणी, अबोल, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेम बनवणारा. 'शेवटची पायरी' नावाच्या गेमवर त्याने आणि त्याच्या मित्रांनी कित्येक वर्षं घालवली होती आणि तो नुकताच बाजारात आला होता. काशिनाथरावांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जावयाशी काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्यांनी विचारलं, "हा तुमचा गेम आमच्या लॅपटॉपवर चालेल काय हो?"

"कुठला लॅपटॉप, काका?"

"ऑफिसचा."

परीक्षित अगदी मायेने हसला. "नाही चालणार. ऑफिसचे लॅपटॉप साधे असतात. गेम फार जड आहे आमचा."

आता इथे त्या लॅपटॉपबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काशिनाथराव भोपाळात सरकारच्या पाण्याच्या खात्यात, कालव्यांची एस्टिमेट्स करणारे इंजिनियर. त्यांच्या शाखेत लॅपटॉप मिळालेला माणूस एकच, आणि तो मिळवण्यासाठी केलेला पत्रव्यवहार एका कालव्याला पुरेल एवढा होता. कोलार रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत त्यांना 'लॅपटॉपवाले पाठराबे साहब' म्हणत. भाजी आणायला जातानाही ती काळी बॅग त्यांच्या छातीवर आडवी असे. अशा लॅपटॉपला भर मांडवात साधा म्हटलेलं ऐकून काशिनाथरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चालतो," ते म्हणाले. "मी खेळतो ना."

"तुम्ही? 'शेवटची पायरी'?" परीक्षितने वाटी खाली ठेवली. "कुठपर्यंत पोचलात?"

मेघाच्या मोबाइलवर काशिनाथरावांनी त्या गेमचं चित्र एकदा ओझरतं बघितलं होतं. काळोखात उभा एक बुरूज, एक जिना आणि हातात कंदील घेतलेला एक इसम. बुरूज म्हणजे किल्ला असणारच, आणि पहिल्या किल्ल्यापर्यंत कुणीही पोचत असेल.

"दुसऱ्या किल्ल्यापर्यंत," ते म्हणाले.

परीक्षित क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा फुलला की काशिनाथरावांना स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं. "वा, काका! मी दसऱ्याला येतोच आहे तुमच्याकडे. तेव्हा मला दाखवाच. हे मला बघितलंच पाहिजे."

घरी परतताना मेघा गाडीत मागे बसली होती. ती पुढे वाकली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही गेम कधी खेळलात?"

"खेळेन ना."

"त्याने आधीची नोकरी का सोडली ठाऊक आहे? साहेब खोटी हजेरी लावायला सांगत होते म्हणून. बाबा, प्लीज, त्याला फोन करून सांगून टाका."

पण साखरपुड्याचं भाषण ताजं होतं, व्याह्यांच्या टाळ्या कानात होत्या. लग्न मार्गशीर्षात. एका गेमवरून ते मोडणार नव्हतं हे काशिनाथरावांनाही कळत होतं. पण आयुष्यभर जावई आपल्याकडे बघेल तेव्हा त्याला ती श्रीखंडाची वाटी आठवेल, ह्या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. सरकारी नोकरीत त्यांनी एक गोष्ट शिकून ठेवली होती. काम आधी होतं, मंजुरी मागाहून येते आणि तारीख नीट घातली की सगळं नियमात बसतं. दसऱ्याच्या आत लॅपटॉपवर गेम चढवायचा, दुसरा किल्ला गाठायचा, की झालं बोलणं खरं.

पहिली अडचण लॅपटॉपनेच घातली. गेम चढवायला गेले तर त्याने परवलीचा शब्द मागितला, आणि तो शब्द ऑफिसच्या कंप्युटर शाखेतल्या कांचन मॅडमकडे. काशिनाथराव शाखेत गेले.

"क्या डालना है, सर?"

"एक सॉफ्टवेयर है."

"कौन सा? किसलिए? आवेदन दीजिए."

आवेदनात 'गेम' लिहिणं शक्य नव्हतं. काशिनाथराव टेबलाशी बसले, पेन तोंडात धरलं आणि खात्याच्या तोंडी सदैव असलेले शब्द आपोआप कागदावर उतरले: 'डूब क्षेत्र के त्रिआयामी अध्ययन हेतु सॉफ्टवेयर स्थापित करने की अनुमति'. धरणाच्या पाण्याखाली जाणारी जमीन म्हणजे डूब क्षेत्र. त्याचा अभ्यास करायला नको म्हणेल असा माणूस त्या इमारतीत जन्माला यायचा होता. फाइल वर गेली. साहेबांनी तिच्यावर 'चर्चा करें' असं लिहून ती खाली पाठवली. चर्चा कुणी कुणाशी करायची ते लिहिलं नव्हतं, म्हणून कुणीच कुणाशी केली नाही, आणि फाइल चर्चा झाली असं समजून पुन्हा वर गेली. ह्या वेळी सही झाली. शिवाय साहेबांनी काशिनाथरावांना बोलावून पाठ थोपटली. "पाठराबे जी, इस उमर में नई तकनीक! बहुत बढ़िया." काशिनाथरावांना एकीकडे शरम वाटली आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर गेम पहिल्यांदा सुरू झाला. शेजारचे दुबेजी हजर होते, कारण दुबेजी नेहमीच हजर असत. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून कॉलनीतल्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक बिघाडाचे मानद सल्लागार होते. सिंधूताई, म्हणजे काशिनाथरावांच्या पत्नी, हात पुसत दाराशी उभ्या राहिल्या.

पडदा काळा झाला. मग निळा झाला. गडद, गहिरा निळा.

"गया," दुबेजी म्हणाले.

"काय गया?"

"नीली स्क्रीन आ गई, भाईसाहब. नीली मतलब राम नाम सत्य. हमारी ब्रांच में तीन मशीनें ऐसे ही गईं."

पण त्या निळ्यात एक जिना दिसू लागला. जिन्याच्या टोकाशी कंदीलवाला इसम. काशिनाथरावांनी धीर करून एक बटण दाबलं. इसमाने पाऊल उचललं आणि ते तसंच हवेत धरून उभा राहिला. लॅपटॉपमधून आधी घरघर आली, मग किंचाळी, मग खाली ठेवलेलं टेबलक्लॉथ गरम झाल्याचा वास आला आणि सगळं विझलं.

"काय करून राहिले तुम्ही?" सिंधूताई म्हणाल्या. "ह्याच्यावर पापड भाजून निघतील. त्या पोराला सांगून द्या ना सरळ, मी नाही खेळलो म्हणून."

"हवा नहीं मिल रही इसको," दुबेजींनी निदान केलं. काशिनाथरावांनी दुर्लक्ष केलं. हे निदान दुबेजी मिक्सरपासून गॅस गीझरपर्यंत सगळ्याचं करत. ते एखाद वेळी बरोबरही असू शकतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काशिनाथराव बॅग छातीशी धरून जवाहर चौकात गेले. तिथे समीर नावाच्या तरुणाचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानात जांभळ्या दिव्यांनी लखलखणारे गेमचे कंप्युटर मांडलेले होते. समीरने लॅपटॉप सगळीकडून न्याहाळला.

"अंकल, सच बोलूँ? ये एक्सेल के लिए पैदा हुआ है."

काशिनाथरावांना 'अंकल' जास्त लागलं की 'एक्सेल' हे सांगणं कठीण आहे. "खोलून तर बघा," ते म्हणाले.

समीरने लॅपटॉप पालथा केला. मधोमध सरकारी सील चिकटवलेलं होतं: 'सील टूटने पर उपयोगकर्ता उत्तरदायी होगा'. समीरने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि काशिनाथरावांनी लॅपटॉप बॅगेत ठेवला. उत्तरदायी ह्या शब्दाला दोघेही सारखेच भ्यायले होते. निघताना समीर एवढं म्हणाला, की अंकल, ठंडा रखिए, बस ठंडा.

थंड ठेवायचं तर कूलर पाहिजे. उन्हाळ्यानंतर गॅलरीत कापडात गुंडाळून ठेवलेला भला मोठा कूलर ऑक्टोबरात बाहेर निघाला तेव्हा समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. त्याच्यासमोर चौरंग, चौरंगावर लॅपटॉप आणि लॅपटॉपखाली फ्रीजमधल्या बर्फाची पिशवी अशी मांडणी झाली. कूलरने पहिल्याच झपाट्यात नवरात्राच्या घटासमोरचा दिवा विझवला. सिंधूताईंनी तो पुन्हा लावला, आणि काडी ज्या जोराने ओढली तो जोर काशिनाथरावांना ऐकू आला. कंदीलवाल्या इसमाने मात्र ह्या वेळी पाऊल उचलून खाली ठेवलं! दुबेजी उठून उभे राहिले. "चल पड़ा! चल पड़ा!" इसमाने दुसरं पाऊल उचललं. तेवढ्यात बर्फाची पिशवी फुटली, पाणी चौरंगावरून सतरंजीवर आलं, सतरंजीवरून कूलरच्या वायरकडे निघालं, आणि काशिनाथरावांनी मुलीच्या लग्नाचा विचार न करता लॅपटॉप उराशी कवटाळून सोफ्यावर उडी मारली. सोफ्याची एक पट्टी मोडली. लॅपटॉप वाचला, पण विझला.

मग दुबेजींनी सुचवलं की तो उभा ठेवावा. मग झोक्याला बांधून वाऱ्यावर हलवावा. मग काशिनाथरावांच्या मेहुण्यांनी नागपूरहून फोनवर सांगितलं, की आमच्याकडे एकाने फ्रीजमध्ये ठेवून खेळला होता. फ्रीजमध्ये हात घालून खेळताना दार उघडं ठेवायचं की बंद, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. इसम जास्तीत जास्त तीन पायऱ्या उतरला. किल्ला काही दिसला नाही. पहिलासुद्धा नाही. दसरा तोंडावर आला आणि काशिनाथरावांनी दाढी करताना आरशात आपला चेहरा बघितला, तर तो त्यांना एका खोटारड्या माणसाचा वाटला. ते मनापासून खचले.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला पाठराब्यांकडे हत्यारांची पूजा असते. शेती सुटली, तलवार तर कधी नव्हतीच, त्यामुळे सुरी, विळी, पान्हा, मेघाची कात्री आणि काशिनाथरावांचं मोजपट्टीचं वेटोळं पाटावर बसतं. लॅपटॉप घरात आल्यापासून त्याला पाटावर मधली जागा मिळते. सिंधूताई दर वर्षी मनोभावे त्याला हळदीकुंकवाची बोटं लावतात, झेंडूचं फूल वाहतात आणि नवऱ्याच्या नोकरीला बरकत यावी म्हणून इतरांपेक्षा थोड्या जास्तच अक्षता टाकतात. लॅपटॉप एका बाजूने गोंदवून घेतला, की तो उलटा करून दुसऱ्या बाजूलाही तसंच. देवाला एकच बाजू दाखवणं त्यांना पटत नाही. आणि एकदा पूजा मांडली की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, हा ह्या घरातला नियम. त्या दिवशी भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवलेली असते.

त्याच संध्याकाळी परीक्षित आला. पाय धुऊन, देवाला नमस्कार करून, चहा घेऊन झाला आणि तो उत्साहाने म्हणाला, "काका, दुसरा किल्ला?"

काशिनाथरावांनी पाटाकडे बोट केलं. गेल्या कित्येक दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं नव्हतं. "लॅपटॉप पूजेत बसलाय, परीक्षितराव. आता काय करता! आमच्याकडे हात लावत नाहीत."

"अरे वा," परीक्षित म्हणाला. "मग उद्या उत्तरपूजा झाली की बघू. मी परवा जातोय."

तेज गेलं. मेघाने बाबांकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

दसऱ्याच्या सकाळी काशिनाथरावांनी उत्तरपूजा होईल तितकी लांबवली. एरवी जी आरती ते अर्ध्यात सोडत, ती कडव्याकडव्याने म्हटली. पण देवाच्या आरत्याही कधीतरी संपतात. शेवटी परीक्षितनेच पुढे होऊन लॅपटॉप उचलला, आणि उचलताच तो थबकला. त्याने लॅपटॉप कानाशी नेला आणि हळूच हलवला. आतून खुळखुळ आवाज आला.

"काका, ह्याच्यात काय आहे?"

"सरकारी आहे. असेल काहीतरी."

परीक्षितने लॅपटॉप पालथा केला. सिंधूताईंची कुंकवाची बोटं दर वर्षी नेमकी मधोमध, म्हणजे सीलवरच पडत आली होती. कुंकू, हळद, पळीभर पाणी असे संस्कार झालेलं ते सील नखाने टोकरताच सुटून आलं. काशिनाथरावांच्या तोंडून "उत्तरदायी!" एवढाच शब्द निघाला. परीक्षितने खिशातून किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, झाकण उघडलं आणि पाटावर तांदूळ सांडले.

कुंकू लावलेले तांदूळ. पंख्याच्या पात्यांत अडकलेले, जाळीत बसलेले, कोपऱ्यात साठलेले. शिवाय वाळून कागद झालेल्या झेंडूच्या पाकळ्या. दर खंडेनवमीची वाढीव भक्ती तिथे जमा होती.

"अगं बाई," सिंधूताई म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकून इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. "मी तर म्हणून राहिले होते, इतक्या अक्षता जातात कुठे!"

परीक्षितने रांगोळीच्या ब्रशने सगळं साफ केलं, झाकण लावलं आणि लॅपटॉप सुरू केला. पंखा नव्याने जन्मल्यासारखा शांत फिरू लागला. "तरीसुद्धा जड जाईल त्याला," तो म्हणाला. "थोडं कमी करू या. सावल्या बंद. शेवाळ बंद. मासे बंद."

'मासे?' काशिनाथरावांच्या मनात आलं, पण त्यांनी विचारलं नाही.

पडदा निळा झाला. जिना आला. कंदीलवाला इसम आला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलाकडे परतणाऱ्या कारकुनाच्या चालीने का होईना, पायऱ्या उतरू लागला. एक, आणखी एक, आणखी एक. थांबला नाही. काशिनाथरावांच्या जिवात जीव आला. ऑफिसच्या लॅपटॉपवर गेम चालत होता! मांडवात बोललेलं निम्मं तरी खरं झालं होतं.

"आता तुमचा खेळ उघडा ना, काका," परीक्षित म्हणाला. "दुसऱ्या किल्ल्यापासून."

मेघा हातातलं आपट्याचं पान उगाच मोडत बसली. काशिनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि ज्या आवाजात त्यांनी साखरपुड्याचं भाषण केलं होतं त्यापेक्षा पुष्कळ लहान आवाजात म्हणाले, "परीक्षितराव, मी खोटं बोललो. मी हा गेम कधी खेळलो नव्हतो. तुम्ही लॅपटॉपला साधा म्हणालात, ते मला लागलं. माझं चुकलं."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"ह्या गेममध्ये किल्ला नाहीये, काका. एकही नाही."

काशिनाथरावांनी खुर्ची मागे सरकवली. "तेव्हाच कळलं तर मग बोलला का नाहीत? आणि आलात कशाला हे बघायला?"

परीक्षित पडद्याकडे बघत राहिला. "आमच्या घरी आजवर कुणी खोटंसुद्धा म्हणालं नाही, की तुझा गेम खेळलो. बाबा अजून नातेवाइकांना सांगतात, मुलगा बँकेच्या कंप्युटरचं काम करतो. तुम्ही दुसरा किल्ला म्हणालात ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं! किल्ला नसला तरी."

हे ऐकून काशिनाथरावांचे डोळे भरून यायला हवे होते, आणि ते थोडे आलेही. पण त्याच वेळी त्यांच्या मनात दुसरीच एक गोष्ट उजाडली. "म्हणजे व्याही?" ते म्हणाले. "'आमच्याकडेही अगदी हेच' म्हणणारे? सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारे?"

"हो."

"वा!" काशिनाथराव म्हणाले. त्यांना त्या क्षणी व्याही सख्ख्या भावाहून जवळचे वाटले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण किल्ला नाही, तर तो बुरूज कसला? आणि एवढं सगळं निळं का?"

"ते पाणी आहे, काका. नदीवर धरण बांधलं आणि सगळं गाव बुडालं. हा माणूस तळाशी आपलं घर शोधत उतरतोय. बुरूज म्हणजे गावातला घड्याळाचा टॉवर."

काशिनाथराव ताडकन उभे राहिले. "धरणात बुडालेलं? म्हणजे डूब क्षेत्र?"

"हो."

"आणि हे तिन्ही मितींमध्ये आहे?"

"हो. का?"

"सिंधू!" काशिनाथरावांची छाती पुन्हा पूर्वीच्या मापाची झाली. "बघ! डूब क्षेत्राचं त्रिमितीय अध्ययन! मी सरकारला दिलेला अर्ज अक्षर न् अक्षर खरा होता!"

सिंधूताई काही म्हणणार तोच बेल वाजली. दुबेजी दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला आले होते. त्यांची नजर आधी पडद्यावर गेली, मग पायऱ्या उतरणाऱ्या इसमावर. "अरे! चल गया? भाईसाहब, कहाँ तक पहुँचे?"

काशिनाथरावांनी एकदा मेघाकडे बघितलं. खोटं बोलण्याचं फळ त्यांनी पुरेपूर भोगलं होतं. आता जे आहे ते सांगायचं, नवव्या पायरीवर आहे म्हणायचं, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं.

पण त्यांच्याआधी परीक्षित बोलला. मान वर न करता, अगदी सहज.

"दूसरे किले तक, अंकल."

दुबेजींनी आ वासला. सिंधूताईंनी त्या दिवशी श्रीखंडाची पहिली वाटी देवाला ठेवली आणि दुसरी, नवऱ्याला डावलून, जावयापुढे.